“ट्रॅफिक होतं” म्हणजे नक्की किती होतं?



“सर, ट्रॅफिक होतं.” पुण्यातल्या माझ्या बॅचला उशिरा येणारा माणूस हे वाक्य दारातूनच आत टाकतो आणि मागून स्वतः येतो. एकदा मी विचारलं, “किती होतं?” सगळा वर्ग हसला. मी मात्र गमतीत विचारलं नव्हतं. मैदा किलोमागे दोन रुपयांनी वाढला तर तुम्हाला त्याच दिवशी कळतं. लाइट बिल जास्त आलं तर तुम्ही मीटर तपासता. आणि ज्या रस्त्यावर तुमचं पेट्रोल, कामाच्या माणसाचा पगार आणि गिऱ्हाइकाचा विश्वास असं तिन्ही रोज खर्च होतं, त्याचा हिशेब काय, तर “लय ट्रॅफिक होतं”.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. शहराच्या ट्रॅफिकचे जे आकडे पेपरात येतात ते खोटे नसतात, पण ते तुमच्या धंद्यासाठी मोजलेले नसतात. तुमच्या रस्त्याचा आकडा तुम्हालाच काढावा लागतो. आणि तो न काढता डिलिव्हरीच्या मुलाचे उशिराचे पैसे कापणं हा माझ्या मते सरळसरळ अन्याय आहे. हे वाचून काही जणांना राग येईल. येऊ द्या.

हा विषय डोक्यात बसला तो आपल्या बॅचमधल्या एका ताईंमुळे. त्यांचं टिफिनचं काम आहे. किचन कोथरूडला आणि हिंजवडीतल्या एका ऑफिसात रोज ३० डबे. ॲक्टिव्हाला मागे फ्रेम बसवून घेतली आहे, एक मुलगा ते डबे घेऊन जातो. साडेबाराला डबे गेटवर पोहोचले पाहिजेत असं ठरलेलं. ताई म्हणाल्या, “सर, रस्ता ४५ मिनिटांचा आहे. पावणेबाराला तो निघतो. तरी महिन्यात पाच-सहा वेळा उशीर करतोच. मी आता दर उशिराला ५० रुपये कापते.” मी विचारलं, फरक पडला का? पडला म्हणाल्या. पोरगा आता राँग साइडने गाडी घालायला लागला होता. एकदा पडलाही. डबे सांडले, गुडघा फुटला, नशिबाने तेवढ्यावर निभावलं.

“४५ मिनिटं हे कुठून काढलं?” या प्रश्नावर ताई गप्प. मोबाइलवर कधीतरी बघितलं होतं, बस.

ताईंचं पुढे काय झालं ते सांगतो. पण आधी हे आकडे येतात कुठून ते बघू, कारण तिथेच खरी गोम आहे.

दर वर्षी एक बातमी येते आणि दोन दिवस सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. ट्रॅफिकमध्ये पुणे जगात अमुक नंबरवर. ही यादी काढते टॉमटॉम, नेदरलँड्समधली नकाशे आणि नेव्हिगेशनची कंपनी. २०१९च्या यादीत पुणे पाचवं होतं, आकडा होता ५९ टक्के. २०२४च्या यादीत पुणे चौथं, १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटर. बातमी वाचणाऱ्याला वाटतं, पाचवरून चारवर आलो, एक पायरी बिघडलो.

पण थांबा. दोन्ही वेळची मोजपट्टीच वेगळी आहे. २०१९ला मोजलं होतं ते जादा लागणाऱ्या वेळाचं प्रमाण. रस्ता मोकळा असताना ३० मिनिटं लागत असतील, तर ५९ टक्के म्हणजे प्रत्यक्षात ४८ मिनिटांच्या आसपास. २०२४ला क्रम लावला तो १० किलोमीटरला एकूण किती वेळ लागतो यावर. मागच्या वर्षी माल किलोने मोजला आणि यंदा नगाने, तर दोन वर्षांची तुलना तुम्ही तुमच्या दुकानात कराल का? आणि गंमत म्हणजे त्याच २०२४च्या यादीत पाचव्या नंबरवर लंडन आहे, ३३ मिनिटं १७ सेकंद. पुण्यात आणि लंडनमध्ये पाच सेकंदांचा फरक! आता लंडनमध्ये बस, ट्यूब, फुटपाथ काय आहेत आणि आपल्याकडे काय आहे, ते या आकड्यात कुठेच दिसत नाही. तो आकडा फक्त रस्त्यावरच्या गाडीचा आहे. ट्यूबने ऑफिसला गेलेला माणूस त्यात नाही आणि आपल्याकडे दोन गाड्यांच्या फटीतून ॲक्टिव्हा काढणारा ताईंचा मुलगाही त्या गाडीसारखा नाही.

यापेक्षा मोठी गडबड “मोकळा रस्ता” या शब्दात आहे. कोंडी मोजायची सर्वांत रूढ पद्धत अशी: रस्ता मोकळा असताना लागणारा वेळ घ्या, गर्दीच्या वेळी लागणारा वेळ घ्या, फरक म्हणजे कोंडी. ऐकायला बरोबर वाटतं. आता एक उदाहरण करू. एका गावात रस्ता मोकळा असतानाही ताशी २० ने जाता येतं आणि गर्दीत १६ ने. दहा किलोमीटरला आधी ३० मिनिटं, मग साडेसदतीस. कोंडी निघाली २५ टक्के. दुसऱ्या शहरात मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०, गर्दीत २५. आधी १२ मिनिटं, मग २४. कोंडी निघाली १०० टक्के. यादीत दुसरं शहर वाईट ठरणार. पण तुमचा टेम्पो कुठे जास्त वेळ अडकला? पहिल्या गावात, साडेसदतीस मिनिटं! जो रस्ता चोवीस तास खणलेला आहे, अरुंद आहे, ज्यावर पर्यायी वाटच नाही, तो या पद्धतीत “कोंडी नसलेला” ठरतो. कारण तो रात्रीही तसाच आहे.

हा नुसता माझा कागदी खेळ नाही. प्रोत्तॉय अकबर आणि त्यांच्या तीन सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी भारतातली १५४ शहरं घेतली. त्यांनी रस्त्यावर माणसं उभी केली नाहीत. शहरातले इथून तिथे जायचे काल्पनिक प्रवास ठरवले आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी गूगल मॅप्सला विचारत राहिले, आत्ता किती वेळ लागेल? असे दोन कोटींहून जास्त प्रवास त्यांनी तपासले. निघालं काय? एक शहर दुसऱ्यापेक्षा हळू का, याचं मोठं कारण गर्दीची वेळ हे नव्हतंच. हळू शहरं मुळातच हळू होती, रस्ता रिकामा असतानासुद्धा. पुढे त्यांनी हीच पद्धत जगातल्या १,२००हून जास्त शहरांना लावली. सर्वांत हळू निघालं ढाका. सर्वांत जास्त कोंडीचं निघालं कोलंबियातलं बोगोटा. दोन प्रश्न, दोन वेगळी उत्तरं. आणि सर्वांत हळू शहरांच्या पहिल्या दहांत आपल्याकडची जी नावं होती, त्यातलं एक ओळखा. मुंबई असेल असं तुम्हाला वाटलं ना? भिवंडी.

ज्यांचं गोडाऊन भिवंडीत आहे किंवा ज्यांचा माल तिथून येतो, त्यांना आश्चर्य वाटणार नाही. यंत्रमागाचं जुनं गाव, अरुंद गल्ल्या आणि भोवती गोदामांचा एवढा पसारा की अर्ध्या मुंबईच्या ऑनलाइन ऑर्डरी तिथून सुटतात असं वाटावं. पण धंद्याच्या दृष्टीने यातला मुद्दा फार कामाचा आहे. “पीक अवर टाळा” हा सल्ला आम्ही ट्रेनर लोक सर्रास देतो, मीही दिलाय. जिथे रस्ता फक्त गर्दीच्या वेळी हळू आहे तिथे तो सल्ला चालतो. निघायची वेळ बदला, काम झालं. पण जिथे रस्ता दिवसभर हळू आहे, तिथे तुम्ही पहाटे उठून काय मिळवणार? तिथे वेळ बदलून भागत नाही, जागा बदलावी लागते. म्हणजे गिऱ्हाइकाजवळ छोटा साठा ठेवा, चार फेऱ्यांच्या दोन करा, नाहीतर दर वाढवून मागा. तुमचा रस्ता यातला कोणता आहे, हे न मोजता कसं कळणार?

आता सरकारी मोजणीकडे थोडं बघू. चौकात कधी खुर्ची टाकून बसलेली, हातात तक्ता घेऊन रेघा मारणारी मुलं बघितली असतील. ती वाहनं मोजतात. हल्ली कॅमेराही लावतात. मग वेगवेगळ्या वाहनांचं रूपांतर कारमध्ये करतात, त्याला पीसीयू म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची इंजिनिअरांची जुनी संस्था आहे (पक्षाचा काही संबंध नाही). तिच्या १९९०च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत बाइक म्हणजे अर्धी ते पाऊण कार, हातगाडी म्हणजे दोन ते तीन कार आणि बस किंवा ट्रक म्हणजे २.२ ते ३.७ कार धरतात. अमेरिकेतली पुस्तकं लेनमध्ये चालणाऱ्या गाड्या गृहीत धरून लिहिलेली. आपल्याकडे लेन म्हणजे डांबरावरची रांगोळी. म्हणून भारतीय रस्त्यांसाठी वेगळं मॅन्युअल लागलं आणि ते २०१७ला आलं, इंडो-एचसीएम. काम चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. या हिशेबात बस जागा किती खाते ते मोजतात, आत पन्नास माणसं आहेत हे मोजत नाहीत. तीच पन्नास माणसं एकेकटी कारने निघाली तर पन्नास कार होतील. रस्त्याने किती गाड्या गेल्या यापेक्षा किती माणसं आणि किती माल गेला, हा प्रश्न आपल्याला जास्त जवळचा नाही का?

आणि नुसती वाहनं मोजली तर आणखी एक फसगत होते. तुमच्या दुकानाचं बिलिंग काउंटर डोळ्यांसमोर आणा. तासाला फक्त दहा बिलं झाली. का? एक तर गिऱ्हाईक नव्हतं, किंवा गिऱ्हाईक एवढं होतं की मशीन अडकलं आणि रांग दारापर्यंत गेली. बिलांचा आकडा दोन्हीकडे दहाच. रस्त्याचंही तेच. मध्यरात्री तासाला थोड्या गाड्या जातात आणि पूर्ण चक्काजाम असतानाही थोड्याच जातात. मोजणाऱ्याच्या तक्त्यावर दोन्ही सारखं. म्हणून मोजणीला वेळेची जोड लागते.

खर्चाच्या आकड्यांबद्दल एकच सांगतो. २०१८ला एक अहवाल गाजला. दिल्ली, मुंबई, बंगळूर आणि कोलकाता मिळून कोंडीमुळे वर्षाला १.४७ लाख कोटी रुपयांचं नुकसान. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने तो उबरसाठी केला होता. मी तो खोटा म्हणत नाही. पण आकडा कोणी काढला आणि कोणासाठी काढला, हे तुम्ही बिझनेसमध्ये सगळीकडे विचारता ना? इथेही विचारा. शिवाय लाख कोटींचा आकडा ऐकून टिफिनचा दर ठरत नाही.

आता ताईंकडे येऊ.

त्यांना मी एक साधी दोनशे पानी वही घ्यायला सांगितली. ॲप नको, जीपीएस नको. तीन रकाने: किचनमधून निघालो, गेटवर पोहोचलो, डबे हातात दिले. मुलाने फक्त घड्याळ बघून लिहायचं. अट एकच होती, त्या महिन्यात एकही रुपया कापायचा नाही. कापला तर मुलगा वेळा खोट्या लिहिणार, मग वही कचऱ्यात टाका.

वीस कामाचे दिवस झाले. किचन ते गेटच्या वेळा चढत्या क्रमाने लावल्या. सर्वांत कमी ३६ मिनिटं, सर्वांत जास्त ७२. बेरीज ९००, म्हणजे सरासरी बरोबर ४५. ताई खूश, “बघा सर, मी म्हणत होते ना!” मी म्हटलं, आता ४५च्या वर किती दिवस गेले ते मोजा. ४७, ५२, ५८, ६६, ७२. पाच दिवस. म्हणजे सरासरी धरून निघालं की चार दिवसांतून एक दिवस उशीर होणारच. मुलगा काहीही करो. रस्ताच तसा आहे. ज्या उशिराचे २५० रुपये त्या कापत होत्या, तो उशीर त्यांच्याच वेळापत्रकात लिहिलेला होता.

मंडळी, सरासरी ही फार गोड बोलणारी गोष्ट आहे. गिऱ्हाईक सरासरी खात नाही, ते आजचा डबा खातं. म्हणून वीस दिवसांच्या यादीत खालून एकोणिसावा आकडा बघा. ताईंच्या वहीत तो ६६ होता. म्हणजे ६६ मिनिटं हाताशी ठेवली तर वीसपैकी एकोणीस दिवस वेळ पाळली जाते. एक दिवस चुकेल, त्या दिवशी फोन करायचा. ४५ आणि ६६ मधली ही जी २१ मिनिटं आहेत, तो तुमच्या रस्त्याचा खरा आकडा. शहर जगात चौथं असो नाहीतर चाळिसावं.

“पण सर, रोज २१ मिनिटं फुकट जाणार!” हा पुढचा प्रश्न आलाच. फुकट नाही, किंमत काढू. मुलाचा पगार १५,००० धरा. २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला ७२ रुपये, मिनिटाला १ रुपया २० पैसे. २१ मिनिटांचे झाले २५ रुपये. भागिले ३० डबे. डब्यामागे ८४ पैसे. एवढ्या पैशात वेळेवर जेवण आणि मुलाचा गुडघा शाबूत. ताईंनी ते ८४ पैसे दरात धरले, पुढच्या महिन्यात डबा एक रुपयाने वाढवला. कोणी हूं की चूं केलं नाही.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली, ती आम्हा दोघांच्याही डोक्यात नव्हती. गेट ते हातात, या रकान्यात रोज १२ ते १५ मिनिटं होती. सिक्युरिटीची नोंद, गाडी लावायला जागा, लिफ्टची रांग. हा वेळ कुठल्याच ट्रॅफिकच्या यादीत येत नाही, कारण तिथे गाडी उभी असते. पण मुलाचा दिवस त्यातही जातो. आणि रस्ता आपल्या हातात नसला तरी गेट थोडंफार असतं. ताईंनी त्या ऑफिसच्या ॲडमिनला वही दाखवली आणि डबे रिसेप्शनऐवजी गेटजवळच्या केबिनमध्ये ठेवायचं ठरलं. आठ-नऊ मिनिटं तिथेच वाचली.

मोबाइलबद्दल. गूगल मॅप्समध्ये निघायची वेळ टाकून बघितलं की एक पट्टा दिसतो, ३५ ते ७० मिनिटं असा काहीतरी. आपण डोळे झाकून पहिला आकडा धरतो. नियोजनाला दुसरा धरा. बाइक असेल तर बाइकचाच पर्याय निवडा, तो भारतात २०१७पासून आहे. छोटा हत्ती किंवा पिकअप असेल तर दोन्ही पर्याय तुमचे नाहीत, मग वहीला इलाज नाही. मोठ्या गाड्यांना शहरात ठरावीक वेळी बंदी असते, तेही मॅप सांगत बसत नाही. आणि हो, कृपा करून लगेच मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण देऊ नका. आम्ही ट्रेनर लोकांनी ते इतकं वापरलंय की विचारू नका, पण एक गोष्ट सांगायला विसरतो. तो डबा लांबचं अंतर लोकलने जातो. लोकलला चांदणी चौक लागत नाही.

एका दादांनी मला सुनावलं, “सर, हे पालिकेचं काम. आम्ही टॅक्स भरतो, वर मोजायचंही आम्हीच?” बरोबर आहे त्यांचं. मोजायला हवं पालिकेनेच, आणि ते गाड्यांपुरतं न ठेवता माल कुठे उतरतो, टेम्पो कुठे उभा राहतो, हेही मोजायला हवं. पण क्षेत्रीय कार्यालयात जाऊन “साहेब, फार ट्रॅफिक आहे हो” म्हणणारे रोज वीस जण असतात. तुमच्या लाइनीतल्या दहा दुकानदारांनी महिनाभर लिहून नेलं, की या गल्लीत माल उतरवायला टेम्पोला सरासरी किती मिनिटं जागा शोधावी लागते आणि त्यात दोन रांगा कशा होतात, तर निदान बोलणं सुरू होतं. मी हे एका बाजारपेठेत होताना बघितलंय. अधिकाऱ्यांनी मागणी मान्य केली नाही, पण जागा बघायला आले. आपल्याकडे हेही कमी नाही.

ताईंचा मुलगा आता अकरा वीसला निघतो. बहुतेक दिवस बारा वाजताच पोहोचतो आणि गेटसमोरच्या टपरीवर चहा घेतो. सुरुवातीला ताईंना ते बघवत नव्हतं. कापलेले पैसे त्यांनी दिवाळीच्या पगारात परत दिले, मी न सांगता. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. त्या कंपनीने ते गेट बंद करून मागचं उघडलंय, आता लांबून वळसा घालून जावं लागतं, जुना ६६चा आकडा गेला. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, नवीन पानावर आज तिसरा दिवस आहे.